मशीन बंद असताना

४ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे लिहीत नाही. तू म्हणशील, ठोंब्या सभ्य झाला म्हणजे नक्की काहीतरी काम असणार. आहेच काम. आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर ठेवलंस तरी माझं काही अडायला नको.

सोबत एक फॉर्म आहे. आपल्या अण्णांवर मी केलेला माहितीपट एका मोठ्या चित्रपट संग्रहालयाला कायमचा ठेवून घ्यायचा आहे. कायमचा म्हणजे तू, मी, सगळे गेल्यावरही तो तिथे असणार. काच कारखान्यात लोखंडी नळीने बाटल्या फुंकून फुंकून ज्यांची छाती गेली, त्या माणसांचं पुढे काय झालं हे ज्याला बघायचं त्याला बघता येईल. त्यासाठी पिक्चरमध्ये जे जे दिसतात त्या सगळ्यांची सही लागते. अण्णांच्या वतीने मी केली. कारखान्यातल्या चौघांनी केली, काकांनीही केली. तुझी तेवढी राहिली आहे.

पहिल्या वेळी तू केली होतीस. फ्रिजवर कागद ठेवून, ओल्या हाताने, न वाचता. मी म्हटलं, वाच तरी. तर म्हणालीस, तू आणलायस ना, मग त्यात काय वाचायचं. तो कागद पाच वर्षांपुरताच होता आणि ती मुदत आता संपत आली.

साडेतीन वर्षांत आपण बोललो नाही. बोललो नाही म्हणजे तू बोलली नाहीस, मी दोनदा फोन केला होता. आता तू म्हणशील, साडेतीन वर्षांत दोनदा. बरोबर आहे तुझं.

तू दातांच्या दवाखान्यातलं काम सोडलंस असं काकांकडून कळलं. इतकी वर्षं तो काउंटर सांभाळलास, तुझ्याशिवाय तिथे पान हलत नसे. का सोडलंस ते काकांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तब्येत बरी आहे ना? गुडघा? मी ठीक आहे. चष्म्याचा नंबर वाढला, कामं कमी झाली, पोट सुटलं. तू बघितलंस तर हसशील.

अजून लोक भेटतात आणि विचारतात, तुमचे वडील कसे आहेत. पिक्चरमधला माणूस तिथेच बसलेला असतो, त्यामुळे लोकांना तो गेलाय असं वाटतच नाही. मी सांगतो की ते गेले. मग ते विचारतात, आणि बहीण? तेव्हा मी विषय बदलतो.

फॉर्मवर शेवटच्या पानावर जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर. तारीख टाकू नकोस, ते लोक टाकतात. परतीचं पाकीट आत आहे, तिकीट लावलेलं आहे.

आपल्यात जे झालं ते झालं. अण्णांचं काम मात्र राहायला हवं, असं मला वाटतं.

तुझा,
ठोंब्या


२१ मार्च

ताई,

फॉर्म परत मिळाला. घडीसुद्धा मोडलेली नाही. कोरा ठेवून, पाकीट चिकटवून, मीच लावलेल्या तिकिटावर मला परत. नकाराचे दोन शब्द लिहिले असतेस तर काही बिघडलं असतं का? शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. लहानपणी तू अशीच करायचीस. मी काही फोडलं की तू ओरडायची नाहीस, गप्प व्हायचीस, आणि मला अण्णांकडे जाऊन स्वतःच कबूल व्हावं लागायचं.

आज मी कबूल होणार नाही. आज मला विचारायचंय की मी खोटं काय दाखवलं?

तो एकच प्रसंग तुला डाचतो, हे मला माहीत आहे. अण्णा खाटेवर बसलेत, नाकात नळी आहे, आणि ते म्हणतात, "तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलो. आता कोणी ढुंकून बघत नाही." त्यानंतर तू दिसतेस. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर, ओठ घट्ट मिटलेले, नजर वर भिंतीवरच्या घड्याळाकडे. सहा सेकंद. सत्तावन्न मिनिटांच्या पिक्चरमधले सहा. वाक्य अण्णांचं, चेहरा तुझा, घड्याळ आपल्या घरातलं. मी तुझ्या तोंडी एक शब्द घातला नाही.

लोकांनी त्यातून काय काढायचं ते काढलं. पहिल्या खेळाला हॉलमध्ये त्या जागी एक मोठा सुस्कारा ऐकू आला. तू माझ्या शेजारी बसली होतीस. मला वाटलं तुला आवडेल, की बघ, एवढी माणसं आपल्या अण्णांसाठी हळहळताहेत. खरंच तसं वाटलं मला. तू उठून गेलीस तेव्हा मला वाटलं, रडू आलं असेल.

दवाखान्यात त्या बाईने तुला सगळ्यांदेखत सुनावलं, हे मला माहीत आहे. मागच्या पत्रात मी साळसूदपणे लिहिलं की का सोडलंस ते माहीत नाही. माहीत आहे. "आमचे दात बघण्याआधी घरी म्हाताऱ्या बापाकडे बघा," असं म्हणाली ना ती? अडाणी बाई. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसांना मी काय करू?

आणि काका. त्यांनी पिक्चर बघितला आणि तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभे राहिले, की भावाची आबाळ मी बघू शकत नाही, मी त्याला घेऊन जातो. मी तेव्हा परदेशात, महोत्सवात होतो. तू तर घरात होतीस ना? तू ‘नाही’ का म्हणाली नाहीस? काका काही दांडगाई करणारे नाहीत. तू एकदा डोळे वटारले असतेस तर ते चहा पिऊन परत गेले असते. तू अण्णांची बॅग भरून दिलीस. काकांनीच मला सांगितलं, की पोरीने हूं की चूं केलं नाही, सगळ्या गोळ्या डब्यांत लावून दिल्या.

अकरा आठवड्यांनी अण्णा तिकडेच गेले. न्यूमोनिया कुठेही झाला असता. मी एक दिवस उशिरा पोचलो. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "आलास का, जेवून घे." त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

मला असं वाटतं की तू स्वतःवरचा राग माझ्यावर काढतेस. हे वाचून तुला वाईट वाटेल. मलाही लिहून बरं वाटत नाहीये, पण आता लिहिलंय तर पाठवतो.

ठोंब्या


९ एप्रिल

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. फाडलं असशील तर बरंच.

आज कानसेन भेटला. तुला आठवत असेल, आपल्या घरी शूटिंगला आला होता तो साउंडवाला, उंच, थोडा पोक काढून चालणारा. अण्णांनीच त्याला ते नाव दिलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की आता धंद्यात सगळेच त्याला कानसेन म्हणतात. संग्रहालयाला मूळ आवाजाच्या फाइली हव्या होत्या म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने फाइली काढल्या, कॉफी केली, आणि पाठमोरा उभा राहून म्हणाला, "ताईंचा तो शॉट कुठला आहे, ते तू त्यांना सांगितलंस का?"

मी म्हटलं, त्यांना माहीत असेलच, त्या तिथेच होत्या.

तो म्हणाला, "त्यांना त्यांचं माहीत आहे. तू काय केलंस ते कुठे माहीत आहे?"

म्हणून आता लिहितो. सावकाश लिहितो, कारण हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

प्रत्येक खोलीची स्वतःची एक शांतता असते. तुला गंमत वाटेल, पण आमच्या कामात ती रेकॉर्ड करावी लागते. मुलाखत संपली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि साउंडवाला मिनिटभर नुसती खोली टिपून घेतो. पुढे एडिटिंगला वाक्यं कापली, जोडली, की मध्ये भगदाडं पडतात. त्या भगदाडांत ही शांतता भरायची. मग ऐकणाऱ्याला शिवण कळत नाही. तुझा तो शॉट अण्णांच्या बोलण्याच्या वेळचा नाहीच. तो या शांततेच्या वेळचा आहे. तू गप्प बसली होतीस कारण मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं.

आपल्या घरात शांतता मिळणं अवघड होतं, कारण अण्णांचं ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरायचं. मी कानसेनला म्हटलं, बंद करू ना मिनिटभर. तो नको म्हणाला. तूही नको म्हणालीस. अण्णाच म्हणाले, करा रे, नळी तोंडात धरून दीड-दीड मिनिट फुंकणारा माणूस आहे मी. मग तू म्हणालीस, दीड मिनिट, त्याच्या वर एक क्षण नाही. आणि समोर घड्याळ दिसेल अशा खुर्चीवर जाऊन बसलीस.

त्या चेहऱ्याचा मी कंटाळलेल्या मुलीचा चेहरा केला.

अजून एक आहे. अण्णा ढुंकून बघत नाही म्हणाले ते आपल्याबद्दल नाही, कारखान्याच्या साहेबांबद्दल. हे तुला माहीत असेल. पण त्यांचं पुढचं वाक्य असं होतं, "पोरगी आहे म्हणून श्वास चाललाय माझा, नाहीतर भट्टी कधीच विझली असती." त्या वाक्यावर दाराची बेल वाजली. आवाज खराब झाला. मी अण्णांना म्हणू शकलो असतो की परत एकदा म्हणा. नाही म्हटलं. एडिटिंगला बसलो तेव्हा ते वाक्य कापलं आणि कारण स्वतःला असं दिलं, की बेलमुळे कापलं.

चार दिवस तो प्रसंग जुळत नव्हता. ढुंकून बघत नाही, यानंतर काय? रिकामी खोली लावली, भट्टीचा जुना फोटो लावला, खिडकी लावली. सगळं पोकळ वाटायचं. मग शांततेच्या टेपवर तुझा चेहरा दिसला. लावून बघितला आणि अंगावर काटा आला. तेव्हा मला वाटलं हे खरं आहे, म्हणून काटा आला. काटा यायला खरं असावं लागत नाही, हे मला त्या वयात कळायला हवं होतं. पंधरा वर्षं तेच तर काम करत होतो.

कानसेनने पहिल्या खेळालाच ओळखलं होतं. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, लोक टाळ्या वाजवत होते.

तुझा,
ठोंब्या


१७ एप्रिल

ताई,

आज दुपारी ती टेप अख्खी बघितली. पिक्चरमध्ये सहा सेकंद आहेत, मूळ टेप तीन मिनिटं पन्नास सेकंदांची आहे.

दीड मिनिट ठरलं होतं. साठ सेकंद होत आले आणि खालून एक मोटारसायकल गेली. कानसेनने मान हलवली. मी हाताने खूण केली की पुन्हा पहिल्यापासून. मशीन सुरू करून पुन्हा बंद करायला हवं होतं. मी तसं केलं नाही, वेळ जाईल म्हणून. हे सगळं मी विसरलो होतो. विसरलो होतो असं लिहिलं की बरं वाटतं, पण विसरण्याआधी कधीतरी आठवत असणारच ना?

अण्णा पहिल्या मिनिटाला ऐटीत बसलेत, छाती काढून. दुसऱ्या मिनिटाला खाटेची कड धरतात. तू घड्याळाकडे बघतेस, अण्णांकडे बघतेस, माझ्याकडे बघतेस. मी तुझ्याकडे बघत नाहीये, मी कॅमेऱ्यातून बघतोय. मग टेपवर माझा आवाज येतो. शांतता टिपताना बोलायचं नसतं, मीच सगळ्यांना बजावलं होतं, आणि मीच बोललो. हळू, लाडात आल्यासारखा. "ताई, तशीच बस. उजेड मस्त पडलाय."

आणि तू तशीच बसलीस.

माझ्या कानाला तेव्हा हेडफोन होता. माइक अण्णांच्या सदऱ्याला होता. म्हणजे त्यांचा श्वास आखूड होत चाललेला खोलीत सगळ्यांत स्पष्ट मला ऐकू येत होता. कानसेनला आणि मला. आज ऐकताना मला ते आठवलं, आणि तेव्हा मनात काय आलं तेही आठवलं. मनात आलं, वा, काय आवाज मिळतोय.

हे वाक्य मी तीनदा खोडलं. शेवटी राहू दिलं.

तीन मिनिटं वीस सेकंदांना तू उठतेस. विचारत नाहीस, खूण करत नाहीस. शॉटमधून चालत जातेस, तुझी सावली अण्णांवरून जाते, आणि मशीनचं बटण दाबतेस. ते एकदा टीं करतं आणि घरघर सुरू होते. तू नळी नीट करतेस, त्यांच्या पाठीवर हात फिरवतेस. अण्णांचे ओठ तोवर जांभळट झालेत, तरी त्यांना चेष्टा सुचते. मला म्हणतात, "आता श्वास घेऊ का, की त्यालाही तुझा फॉर्म भरायचा?" सगळे हसतात. मीही हसतो, टेपवर ऐकू येतं. तू हसत नाहीस.

त्या वेळी मी घरी कितीदा यायचो? महिन्या-दोन महिन्यांतून, तेही कॅमेरा घेऊन. अण्णांना न्हाऊ कोण घालतं, रात्रीत किती वेळा उठावं लागतं, हे मला पिक्चरसाठी विचारावं लागलं. तू उत्तरं दिलीस. मी ती लिहून घेतली आणि गाडी पकडून निघून गेलो. शूटिंग अठ्ठावीस दिवसांचं होतं, ताई. त्यातला एकही दिवस मी तुला म्हटलं नाही, की आज तू जा कुठेतरी, मी बसतो.

कबूल झालो. तुला जे हवं होतं ते झालं. पण आता अण्णाही नाहीत, की ते म्हणतील, जाऊ दे, पुन्हा करू नको.

ठोंब्या


२ मे

ताई,

या वेळी पत्रासोबत पेनड्राइव्ह आहे. बघ, कृपा करून बघ.

गेले दोन आठवडे मी त्या प्रसंगाचं काम करत होतो. तो जुना शॉट काढून टाकला. त्या जागी शांततेची टेप लावली, जवळजवळ अख्खी. मशीन बंद होतं, अण्णांचा श्वास ऐकू येतो, तुझी नजर घड्याळाकडे. माझा आवाजही ठेवलाय, उजेड मस्त पडलाय, तो. लोकांना कळू दे मी काय माणूस आहे ते. अण्णांचं कापलेलं वाक्य परत घेतलं. कानसेनने दोन दिवस बसून त्यातली बेल पुसून काढली, आता वाक्य काचेसारखं स्वच्छ ऐकू येतं. आणि शेवटी तू उठतेस आणि बटण दाबतेस.

संग्रहालयातल्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ही मुलगी सेकंद न् सेकंद मोजतेय हो. मी म्हटलं, तीच माझी ताई.

आता तोच चेहरा बघून लोक तुझ्यासाठी रडतील. दवाखान्यातल्या त्या बाईला कोणीतरी दाखवावं असं मला फार वाटतं. काकांना मी स्वतः नेऊन दाखवणार आहे. वरातीमागून घोडं आहे, मला कळतंय, अण्णा परत येणार नाहीत. पण तुझ्या नावाला जो डाग मी लावला तो निघेल. आणि कायमचा निघेल, कारण आता हीच प्रत संग्रहालयात राहील.

फॉर्म पुन्हा पाठवतोय. मागच्या वेळी माझ्यासाठी मागत होतो, आता तुझ्यासाठी मागतोय. जून संपायच्या आत हवा आहे.

तुझा,
ठोंब्या


३० मे

ठोंब्या,

पाचही पत्रं मिळाली. पहिली दोन लगेच वाचली, पुढची तीन थोडी थोडी. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ सुरू होते एका मजल्यावर आणि संपते खालच्या मजल्यावर.

पिक्चर शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर बघितला. चांगला झालाय. तुझा हात चांगला आहे, हे मी आधीपासून म्हणत आले. त्यात मी इतकी चांगली दिसते की मला स्वतःला भेटावंसं वाटलं. पण ती मी नाही.

मी सेकंद मोजत नव्हते.

तुला ते मशीन म्हणजे आवाजातली अडचण. माझ्या घरात ते तीन वर्षं चालू होतं. अंघोळ करताना, फोनवर बोलताना, झोपेत. झोपेत त्याचा आवाज जरा बदलला तरी मी उठून बसायचे. त्या दिवशी ते बंद झालं आणि खाली रस्त्यावर कोणीतरी कुणाला हाक मारली, ती मला शब्द न् शब्द ऐकू आली. तीन वर्षांत माझं घर मी शांत ऐकलंच नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं, आणि माझ्या मनात आलं, अजून थोडं. अजून एक मिनिट कोणी ते बटण दाबू नये. अण्णा समोर खाटेची कड धरून बसले होते. अजून एक मिनिट म्हणजे काय हे मला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी आलं मनात. तेवढ्यात तू म्हणालास, तशीच बस. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, की मी बसलेय ते तू सांगतोयस म्हणून.

मग मी उठले. उठले ते खरं आहे आणि त्याआधी बसले होते तेही खरं आहे. तुझ्या जुन्या पिक्चरमध्ये एक आहे, नव्यात दुसरं.

हॉलमध्ये पडद्यावर तो चेहरा आला आणि माणसं हळहळली, तेव्हा मला तुझा राग आला नव्हता. मी घाबरले होते. मला वाटलं, याला कळलं. त्या दिवशी मनात जे आलं ते कॅमेऱ्यात दिसलं, याने ओळखलं आणि सगळ्यांना दाखवलं. तू विचारलंस, काकांना का अडवलं नाहीस. म्हणून नाही अडवलं. लोकांना तोंड द्यायला मी भ्याले नव्हते. दवाखान्यातल्या बाईला मी दोन शब्द सुनावून आले असते. पण ती बोलली ते मला पटलं होतं. काका म्हणाले, पोरी, तुला जमत नाहीये, आणि मला वाटलं, बरोबर आहे, माझ्या हाती हा माणूस द्यायला नको.

बॅग भरताना अण्णांनी मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, नाही, हवापालट, थोडे दिवस. जिना उतरताना ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा वर बघितलं. हे तुझ्या कुठल्याच टेपवर नाही.

आणि आता पाच वर्षांनी तुझ्या पत्रात वाचते की तुला काहीच दिसलं नव्हतं. उजेड चांगला होता. प्रसंग जुळत नव्हता. मी त्या सहा सेकंदांवर विश्वास ठेवून अण्णांना पाठवून दिलं, ठोंब्या. तुला मी कळले असं समजून.

मी दमले होते, बाकी काही नाही. दमलेल्या माणसाच्या मनात काहीबाही येतं, हे मला आता कळतं. तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. तू समोरच होतास, अठ्ठावीस दिवस.

फॉर्मवर सही केलेली नाही. जुन्यासाठी नाही आणि नव्यासाठीही नाही. तुझी पत्रं मात्र ठेवून घेतली आहेत.

तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. अण्णांचं ते वाक्य तेवढं वेगळं काढून पाठव. कानसेनने पुसलेलं नको, मूळचं पाठव, बेल असलेलं. ते मी अजून कधी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुझ्या नव्या पिक्चरमध्ये ते आलं, पण मला वाटलं तू जुळवलंयस, म्हणून मी तिथे आवाज बंद केला. अण्णा ते बोलले तेव्हा मी ती बेल ऐकून दाराशी गेले होते, औषधवाल्याकडून त्यांच्या गोळ्या तपासून घेत होते.

ताई